घाई न करणाऱ्या डॉक्टर मॅडम, थँक्यू!

डॉक्टर मॅडम,

नाव लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीय, पण वाचलंत की कळेलच कोणाबद्दल आहे ते. आईच्या वरच्या दातांचं काम आता पूर्ण झालंय, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करायची गरज राहिली नाहीये, आणि हे तुम्हाला क्लिनिकमध्ये तोंडावर सांगून झालंय तरी जाहीर लिहावंसं वाटलं, कारण "दात बसवायला वरच्या जबड्यात हाडच नाहीये तुमच्या" एवढं ऐकून गप घरी परतणारी आईसारखी माणसं खूप आहेत.

आईची केस म्हणजे आपल्याकडची नेहमीचीच. तरुणपणापासून मिश्री, मग हिरड्या सुटल्या, दात हलायला लागले, एकेक करत वरचे सगळे गेले आणि कित्येक वर्षं कवळी. खालचे पुढचे दात अजून तिचे स्वतःचे आहेत, पण वरची कवळी इतकी सैल झालेली की बोलता बोलता खाली यायची, म्हणून ही बाई लग्नकार्यात पंगतीला बसायचीच नाही, "मला उपास आहे" म्हणायची. बिनदाताचं हाड झिजतं हे ऐकून होतो, पण वरच्या जबड्यात ते दोन्हीकडून कमी होतं हे तुम्ही सांगितल्यावर कळलं. खालून हाड झिजत जातं आणि दाढांच्या वर जी सायनसची पोकळी असते ती वरून खाली पसरत येते, त्यात वरचं हाड मुळातच खालच्यापेक्षा भुसभुशीत.

तुमच्याकडे यायच्या आधी एका ठिकाणी नुसता ओपीजी (पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे) बघून सांगितलेलं की गालाच्या हाडात लांब इम्प्लांट, म्हणजे दात धरून ठेवणारे धातूचे स्क्रू, टाकावे लागतील, दुसरीकडे दोन्ही बाजूंना सायनस लिफ्ट (सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरायचं ऑपरेशन), वर सहा-आठ इम्प्लांट, आणि लगेच पॅकेजचा कागद हातात. तुम्ही त्यांना नावं ठेवली नाहीत हे मला फार आवडलं. उलट म्हणालात की गालाच्या हाडातले ते झायगोमा इम्प्लांट ज्यांना पुढेही हाड उरलं नाही त्यांच्यासाठी खरंच मोठी सोय आहे, सायनस लिफ्टही चांगली ट्रीटमेंट आहे, प्रश्न एवढाच की आईला त्यातलं काय लागतं, आणि ते मोजल्याशिवाय कसं सांगायचं?

आणि मग तुम्ही मोजायच्याही आधी आईची जुनी कवळी मागितलीत! धुतलीत, हातात फिरवून बघितलीत, परत तोंडात बसवून तिला हसायला लावलंत, "पन्नास ते साठ" मोजायला लावलंत, कवळी काढून बाजूने फोटो घेतलात. मला वाटलं हे काय चाललंय, आम्ही हाडासाठी आलोय. तेव्हा तुम्ही मला नाही, आईला समजावलंत, की आधी दात कुठे यायला हवेत ते ठरवायचं आणि मग त्याखाली हाड कुठे आहे ते बघायचं, उलटं केलं तर इम्प्लांट एकीकडे आणि दात दुसरीकडे होतात. वरचा जबडा झिजताना आत आत सरकतो म्हणून ओठ बसका दिसतो, त्या ओठाला पुढून आधार कवळीच्या गुलाबी भागानेच मिळतो, नुसते फिक्स दात लावले तर तो जाणार, हे फोटोत दाखवलंत तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे मी म्हातारी दिसतीय ती याच्यामुळं व्हय." सगळे हसलो.

मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. त्याच कवळीची कॉपी करून त्यावर छोटे ठिपके लावलेत, एक स्कॅन ती तोंडात घालून आणि एक नुसत्या कॉपीचा, आणि दोन्ही कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवले की दात आणि हाड एकत्र दिसतात. ओपीजी सपाट असतो, हाडाची रुंदी त्यात कळतच नाही, हे इथे डोळ्यांनी बघितलं. मागे दाढांच्या जागी सायनसखाली जेमतेम ३ मिलिमीटर, पण पुढे सुळ्यापासून सुळ्यापर्यंत उंची ११-१२ आणि रुंदी ६ च्या आसपास. म्हणजे "हाडच नाही" हे अर्धंच खरं होतं.

त्याच बैठकीत तुम्ही विचारलंत, "आजी, हाडं ठिसूळ झालीत म्हणून काही गोळी, वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन वगैरे?" घेत होतीच की ती! वर्षाला एकदा सलाइनमधून. आधीच्या दोन्हीकडे फक्त शुगर आणि बीपी विचारलेलं, आणि आईच्या डोक्यात दाताचा आणि त्या सलाइनचा संबंध कुठून येणार. त्या औषधामुळे क्वचित कधीतरी जबड्याच्या हाडाची जखम बरी होत नाही, कॅन्सरच्या मोठ्या डोसात धोका जास्त, आईसारख्यांना कमी, पण शून्य नाही, असं न घाबरवता सांगितलंत आणि तिच्या फिजिशियनशी स्वतः फोनवर बोललात. शुगरचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) मागवलात. मिश्री बंद केल्याशिवाय हात लावणार नाही म्हणालात आणि खरंच लावला नाहीत, तारीख पुढे ढकललीत. आई तुमच्यावर तेव्हा जाम चिडली होती, आता सांगायला हरकत नाही.

सायनस लिफ्टचंही नीट सांगितलंत, की बाजूने छोटी खिडकी करून आतला पडदा, जो अंड्याच्या टरफलाआतल्या पापुद्र्यासारखा असतो, अलगद वर उचलायचा आणि खाली हाडाची पावडर भरायची, मग हाड तयार व्हायला सहा ते नऊ महिने. आणि इथे तुम्ही जे केलंत त्याबद्दल आई अजून तुमचं नाव काढते. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तुम्ही ती बघितलीत आणि आपणहून म्हणालात, "आजी, ही पावडर बऱ्याचदा गायीबैलाच्या हाडापासून केलेली असते, प्रक्रिया केलेली असते, पण तुम्हाला माहीत असायला हवं. कृत्रिम पण मिळते." सहीच्या फॉर्ममध्ये कुठेतरी बारीक अक्षरात लिहून मोकळं होता आलं असतं तुम्हाला. पंचाहत्तरीच्या बाईला कोण एवढं विचारतं हो, सगळे आमच्याकडे बघून बोलतात.

शेवटी प्लॅन ठरला तो असा की ग्राफ्ट, म्हणजे ती हाडाची पावडर भरणं, नकोच, पुढच्या हाडात चार इम्प्लांट, त्यातले मागचे दोन सायनसची भिंत चुकवून तिरके, आणि त्यावर बार (चारही इम्प्लांट जोडणारी पट्टी), बारवर बसणारी काढता येणारी कवळी. टाळूवरचा पत्रा नाही, त्यामुळे चव कळते. ओठाला आधार मिळतो, आणि संधिवाताच्या बोटांनी तिला स्वतः काढून धुता येते. मी फिक्सच करा म्हणून किती हट्ट धरला होता, तुम्ही शांतपणे विचारलंत, "रोज साफ कोण करणार?"

आईने विचारलेलं, हे खिळे टिकतात का. तर तुम्ही या इम्प्लांटची सुरुवात करणाऱ्या स्वीडनच्या ब्रेनमार्क सरांचा पहिला पेशंट सांगितलात, १९६५ साली इम्प्लांट बसवले आणि २००६ साली तो गेला तोपर्यंत वापरात होते. आणि लगेच पुढे, "पण आजी, ते खालच्या जबड्यातले होते हां, वरचं जरा नाजूक असतं." पेशंट खूश होऊन हो म्हणायच्या बेतात असताना हे वाक्य बोलणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच बघितला.

म्हणूनच इम्प्लांट बसल्यावर तुम्ही लगेच दात लावले नाहीत, जुनी कवळी आतून मऊ करून दिलीत आणि महिनोन् महिने थांबवलंत. वैताग आला, खोटं कशाला बोलू. पण चारही घट्ट धरले. लॅबमधल्या दादांनाही थँक्यू सांगा, आईचा एक पुढचा दात पूर्वी जरासा वाकडा होता, तो तिने सांगितला तसाच वाकडा लावून दिलाय त्यांनी, आणि कॉलनीतल्या बायकांना वाटतंय हिचे दात ओरिजिनलच आहेत.

मावशीलाही तीच सवय आणि तीच सैल कवळी. तिचा नंबर रिसेप्शनवर लावलाय, जुनी कवळी आणि सगळ्या औषधांची चिठ्ठी घेऊन येतोय. मिश्रीचं मात्र तुम्हीच बोला तिच्याशी, आमचं ऐकत नाही.

तुमच्या चिडक्या आजींची लेक