कुणी सिद्ध केलं, कधी?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला क्वांटमवरचा लेख वाचला. चित्र झकास होतं, त्याबद्दल चित्रकाराचं अभिनंदन. लेखकमहाशयांनी मात्र ‘कोणतीही वस्तू शेवटी समतोलाला येते, हे क्वांटम सिद्धांताने सिद्ध झाले आहे’ असं ठोकून दिलं आणि पुढच्याच परिच्छेदात बोस-आइनस्टाइनच्या गोष्टीकडे वळले. कुणी सिद्ध केलं? कधी?

उदाहरण म्हणून थंड होणारा चहा दिलाय. चहा हवेला उष्णता देतो आणि दोघांचं तापमान एक होतं, म्हणजेच समतोल येतो, त्यात कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेल्या अणूंबद्दल. अणूंची स्थिती काळाबरोबर कशी बदलते हे सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणात सुरुवातीची स्थिती पुसली जातच नाही. मग नुसत्या तापमानाच्या आकड्यावर आपलं भागतं कसं? गणिती फॉन नॉयमन १९२९ पासून याच्या मागे होते. १९९१ साली डॉइच आणि १९९४ साली स्रेडनिकी या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं, की प्रत्येक ऊर्जा-अवस्था (ठरावीक ऊर्जेची क्वांटम स्थिती) एकटीच समतोलासारखी दिसत असावी. सर्वांना लागू होईल अशी सिद्धता अजून नाही. उलट २००६ मध्ये पेन्सिल्व्हेनियात रुबिडियमचे अणू लेसरच्या बारीक नळ्यांत एका रांगेत ठेवून एकमेकांवर आपटवले, तर हजारो टकरींनंतरही ते समतोलाला यायचं नाव घेईनात. लेखात या अणूंना एक ओळसुद्धा मिळू नये?

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी बाहेरून आलेल्या परीक्षकांना विचारलं होतं, ‘सर, सगळ्या सूक्ष्म अवस्थांची, म्हणजे अणूंच्या एकेका मांडणीची, शक्यता सारखी, हे कशावरून?’ ते चष्मा पुसत म्हणाले, ‘पोस्ट्युलेट आहे, गृहीतक. पोस्ट्युलेटला कशावरून म्हणायचं नसतं.’ आणि आमच्या सरांकडे वळून, ‘याला फॉर्म्युला येतो का बघा.’ फॉर्म्युला आला. मार्क पासापुरते मिळाले. पुढे मी शिकवायला लागल्यावर मागच्या बाकावरून हाच प्रश्न यायचा, आणि तेव्हा निदान ‘गप्प बस’ असं तरी मी कुणाला म्हटलं नाही. आता तुमची पुरवणी त्या परीक्षकांच्या थाटात बोलते, तेव्हा डोकं फिरतं.

बोसांचंही तेच. १९२४ साली ढाक्याहून आइनस्टाइनला पाठवलेल्या लेखातली अवस्थांची मोजणी (सारखे कण वेगवेगळे न धरता केलेली) फळाला आली खरी, पण ती तशीच का करायची, हे कोडं खुद्द आइनस्टाइनलाही होतं. कण एकमेकांवर काहीतरी गूढ प्रभाव टाकत असल्यासारखी ही मोजणी आहे, हे त्यांनी १९२५ च्या लेखात मान्य केलं. तुमच्या लेखकांना मात्र सगळं कसं आरशासारखं स्वच्छ!

जाता जाता: एक मोल वायूत ‘६.०२२ × १०२३ रेणू’ असतात, असं छापलंय. दहाचा तेविसावा घात म्हणायचा असावा. छापलेला गुणाकार केला तर रेणू भरतात सहा हजार एकशे साठ. शुद्धिपत्र पहिल्या पानावर नको, पण गेल्या खेपेसारखं लिलावाच्या जाहिरातीखालीही नको.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली