दिवस मोजत बसू नकोस

सांगली

चि. सायलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हनोईचे फोटो मिळाले. फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तू फो, म्हणजे तिथलं शेवयांचं सूप, खाते आहेस, चेहरा टवटवीत दिसतोय, बरं वाटलं. फक्त प्रत्येक फोटोखाली 'दिवस अमुक, उरले तमुक' लिहितेस, ते काही मला पटत नाही. सहा महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झालीच पाहिजे, हे तुला कुणी घालून दिलंय?

फोनवर तू नेली ब्लाय या अमेरिकन वार्ताहर बाईचं उदाहरण देतेस. बाई धीट खरीच. १४ नोव्हेंबर १८८९ ला न्यूयॉर्कशेजारच्या होबोकेनहून आगबोटीत बसली आणि ७२ दिवसांत जगाला फेरी मारून परत आली. संपादक म्हणत होते, बाईमाणसाला सोबत लागेल, डझनभर ट्रंका लागतील. ही अंगावरचा एक झगा आणि एक हातपिशवी घेऊन निघाली. पिशवीत दौत, टाक, सुईदोरा, टोप्या, सगळं मावलं. कोल्ड क्रीमची एक बरणी तेवढी काही केल्या मावेना, आणि नेमकी तीच तिला सोडवेना. हे वाचलं आणि ती मला एकदम आपल्यातली वाटली.

पण सायली, तिची फेरी म्हणजे वर्तमानपत्राची शर्यत होती. ती किती दिवस, तास, मिनिटं घेईल याचे अंदाज वाचक पाठवत होते, बक्षीस युरोपची सहल. त्यामुळे जग तिनं बरंचसं बोटीच्या कठड्यावरून आणि आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिलं. कोलंबोला पुढची बोट वेळेवर सुटेना म्हणून पाच दिवस रखडली, वैतागली. पण रखडली म्हणूनच तिला सिलोन थोडंफार बघायला मिळालं. तुझ्या मागे कुठला संपादक लागलाय?

बाबा लगेच वेदांगी कुलकर्णीचं नाव घेतात. पुण्याची पोरगी, २०१८ मध्ये विशीत सायकलवरून २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं, तरी थांबली नाही. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ती घड्याळ लावूनच निघाली होती आणि तिची तयारीही त्याच बेताची होती. तू निघालीस नोकरी सोडून, जग बघायला.

आता खरा मुद्दा, विसाचा. चिलीहून परस्पर युरोपात जायचा तुझा बेत कागदावर छान दिसतो. शेंगेन विसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या विसाचा, अर्ज साधारणपणे आपण ज्या देशात राहतो तिथूनच करायचा असतो. पर्यटक म्हणून चिलीतल्या सांतियागोत बसून तो मिळेल ही आशा सोड. म्हणजे मध्ये एकदा घरी यावं लागणारच, आणि 'मग फेरी तुटेल' म्हणून तू रडवेली झालीस. अगं, तुटू दे की! आपला पासपोर्ट घेऊन फिरणाऱ्याला जगाचा नकाशा असाच तुकड्यातुकड्यांनी मिळतो. ये, महिनाभर राहा, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन ये, आणि मग युरोपाला जा. तिथेही १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, ते गणित तेवढं मात्र काटेकोर कर. दिवस मोजायचीच हौस असेल तर ते मोज.

जपानचा विसा पडून राहिला तर मुदत संपते, म्हणून तिकडे आधी जा हे ठीक. मेक्सिकोला अमेरिकेच्या विसावर सोडतात, तो चालू आहे ना, एकदा तारीख बघ.

सुलभाआत्या परवा येऊन गेल्या. 'एकटीच का गेली?' हे त्यांचं पालुपद चालूच आहे. मी त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. १८८३ मध्ये अमेरिकेला जाण्याआधी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालातल्या, कॉलेजात त्यांनी भाषण केलं, त्यात लोकांचे प्रश्नच एकेक करून घेतले होते. त्यातला एक, 'मी एकटी का जाते?' उत्तर अगदी साधं दिलं, घरच्या माणसांचा भार नवऱ्यावर आहे, तो सगळं टाकून येऊ शकत नाही. त्यात शौर्याची भाषा कुठे नाही. तुझं उत्तरही तेवढंच साधं आहे, सोबत यायला कुणाला रजा मिळाली नाही. आत्यांना पटलं असं नाही, पण चहा दोनदा घेतला.

पैशाचं माझ्याकडून ऐक, जन्म बँकेच्या काउंटरमागे गेलाय माझा. दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेव. परदेशात एटीएम किंवा दुकानातलं मशीन 'रुपयांत आकारू का?' असं विचारतं. सोय वाटते, पण दर त्यांचा असतो. दरवेळी नाही म्हण, तिथल्याच चलनात घे.

पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टच्या पाकिटातच राहू दे. तू जाणार तो पेरू देश त्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, आणि चिलीहून येताना विमान ब्राझीलमार्गे असलं तर तेही धरू शकतात. कार्ड नसेल तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. तू घरी येणार आणि मी तुला काचेपलीकडून बघणार, हे मला चालणार नाही.

लसणाची चटणी आणि मेतकूट किती उरलंय? चिलीच्या विमानतळावर खाण्याच्या जिनसांबाबत फार कडक आहेत, फॉर्मवर लिहिलं नाही तर दंड होतो. पेरूतच संपव, नाहीतर सरळ लिही फॉर्मवर. फेकून दिलीस तर मात्र मला सांगू नकोस.

तुझी,
आई