बांधावरून सायकल हटवू नका, तिचा वेग आवरा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खाडीच्या बांधावर सायकलींना बंदी घालावी, दोन्ही तोंडांना लोखंडी फाटकं बसवावीत, अशी मागणी करणारं एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलंत. त्या पत्रातला राग मला समजतो. सकाळी फिरायला गेलेल्या माणसाच्या कानाजवळून एखादा मुलगा सुसाट सायकल काढतो, तेव्हा काळजात धस्स होतं. पण बंदीवर मात्र मला लिहिल्यावाचून राहवत नाही. गेली सहा वर्षं मी याच बांधावरून रोज सायकलने कामाला जाते.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. वय ५१. बांधावरून माझं ऑफिस साडेचार किलोमीटर, मोठ्या रस्त्याने सात. बांधावरून २२ मिनिटं लागतात, म्हणजे ताशी साधारण १२ किलोमीटर. एवढा माझा वेग. पूर्वी एस.टी.ने जायचे आणि स्टँडवरून रिक्षा. एस.टी. चुकली की घरापासूनच रिक्षा. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून रिक्षाचं भाडं माझ्या पगाराला झेपत नाही.

मोठ्या रस्त्याने जा, असं त्या पत्रात सुचवलं आहे. तो रस्ता मला पाठ आहे. चिऱ्याचे ट्रक आणि डंपर, वळणावर एस.टी., आणि डांबराच्या कडेला साइडपट्टी अर्धा फूट खाली. मागून हॉर्न वाजला की सायकलवाल्याने उतरायचं कुठे? पावसाळ्यात त्याच साइडपट्टीत पाणी भरतं, खड्डा किती खोल ते दिसत नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे ही कथा चार महिन्यांची. चढावर सायकल हातात धरून चालावं लागतं तेव्हा तर मी ट्रकच्या चाकांच्या उंचीलाच असते.

आता एक गोष्ट माझ्याकडून सांगितलीच पाहिजे, कारण चूक माझी होती. तीन वर्षांपूर्वी, गौरी आणायच्या दिवशी सकाळी मला उशीर झाला होता. बांधावर पुढे एक आजी चालत होत्या, डोक्यावर तेरड्याचा भारा. मी घंटी वाजवली आणि वेग तसाच ठेवला. आजी दचकून उजवीकडे सरल्या, मीही उजवीकडूनच निघाले होते. माझ्या हँडलचा धक्का त्यांच्या कोपराला लागला. त्या गुडघ्यांवर बसल्या, तेरडा सगळा बांधावर पसरला. कोपर खरचटून रक्त आलं होतं. मी रडायच्या बेतात, आणि त्या मात्र फुलं वेचता वेचता शांतपणे म्हणाल्या, "घंटी आयकली गो बाय, पन कुठल्या अंगान येतस ता कसा कळनार?"

त्या वाक्यावर मी खूप विचार केला. घंटीने माणूस फक्त दचकतो. कुठे सरायचं हे तिच्यातून कळत नाही. चार माणसं पुढे असली की दोन डावीकडे उडी मारतात, दोन उजवीकडे. म्हणून मी आता दहा-पंधरा पावलं आधी वेग कमी करते आणि तोंडाने सांगते, "काका, उजवीकडून जातेय हां." माणसाचा आवाज आला की लोक वळून बघतात, डावीकडे होतात, पुष्कळदा "जा जा" म्हणतात. लहान मूल किंवा कुत्रं असेल तर मी उतरतेच. यात माझी दोन मिनिटं जातात. ती जायलाच हवीत, कारण बांधावर पहिला हक्क चालणाऱ्याचा आहे.

वेगाचा हिशेब साधा आहे. समोर काहीतरी आलं हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी १२ च्या वेगात तेवढ्या वेळात सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते, ताशी २५ ला सात मीटर. ब्रेक लागतो तो त्यानंतर. पावसात तर साध्या सायकलचा रबरी ब्रेक पहिल्यांदा नुसता घसरतो, कारण रिमवर पाण्याचा पातळ थर असतो. दोन-तीनदा हलकेच दाबून रिम पुसून घेतल्यावर तो धरायला लागतो. बांधावरून भरधाव जाणाऱ्या आमच्या कॉलेजच्या मुलांना हे कुणीतरी शिकवायला हवं. ज्यांना वेगात जायचं आहे त्यांनी रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर जावं, बांधावर नको. या बाबतीत मी त्या ज्येष्ठांच्या बाजूची आहे.

मग सायकलींसाठी वेगळी पट्टी का आखू नये, असं काही जण म्हणतात. मी टेप घेऊन बांध मोजला. पेव्हर ब्लॉकची रुंदी बहुतेक ठिकाणी साडेदहा फूट भरते, म्हणजे ३.२ मीटर. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापदंडाप्रमाणे पादचाऱ्यांना किमान १.८ मीटर आणि सायकलच्या मार्गाला किमान २ मीटर लागतात. बेरीज ३.८. आपल्याकडे दोन फूट कमी आहेत. आणि उघाडीपाशी, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दारापाशी, तर बांध जेमतेम सहा फूट उरतो. तिथे पट्टी आखून काहीच उपयोग नाही.

बांध रुंद करा म्हणावं, तर तेही मला पटत नाही. हा बांध मुळात भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला. खारजमिनींसाठी राज्याचा १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तिवर आणि चिपी ही कांदळवनाची झाडं दाट वाढली आहेत, ती भरतीच्या लाटांचा मार बांधावर येऊ देत नाहीत. कांदळवन तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. दोन फुटांसाठी ती झाडं जाता कामा नयेत. ओहोटीच्या वेळी त्या मुळांमध्ये कुर्ल्या फिरताना दिसतात, बगळे टपून बसलेले असतात. ऑफिसला पोचेपर्यंत माझं डोकं शांत होतं ते त्यांच्यामुळे.

तेव्हा आहे ती वाट वाटून घेणं, एवढंच आपल्या हातात उरतं.

तशी ती बरीचशी वाटली गेलेलीही आहे. सहा ते साडेसात फिरायला जाणारे, मग मासे घेऊन बाजारात निघालेल्या बायका, साडेआठनंतर आम्ही नोकरीवाले, दहाच्या सुमारास शाळेची मुलं. खरी गर्दी होते ती संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. संध्याकाळी साडेपाच ते सात बांधावर सायकल हातात धरूनच चालायचं, असा नियम नगरपालिकेने केला तर मी आनंदाने पाळीन. उघाडीच्या सहा फुटांत तर तो कायमचाच असावा. मी तिथे आजही उतरते.

खरा धोका मात्र त्या पत्रात आलाच नाही. तो मोटारसायकलींचा आहे. सिग्नल नाही आणि दोन किलोमीटर वाचतात, म्हणून दुचाक्या सर्रास बांधावर चढतात. पादचाऱ्यांसाठी किंवा सायकलींसाठी राखलेल्या वाटेवर पोलिसांच्या परवानगीशिवाय मोटार वाहन चालवायचं नाही, हे १९८९ च्या रस्त्यांच्या नियमांपासून लिहिलेलं आहे. त्यात आता विजेच्या छोट्या गाड्यांची भर पडली. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली गाडी कायद्याने मोटार वाहनात धरत नाहीत. तिला नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. नववी-दहावीची मुलं त्या घेऊन बांधावर येतात आणि हटकलं की म्हणतात, "काकी, ही सायकलच आहे." आवाज नसल्यामुळे ती मागून आलेली कळतही नाही. म्हणून नगरपालिकेने बांधासाठी स्वतःचा स्पष्ट फलक लावायला हवा: मोटरवर चालणारं कुठलंही वाहन नको, आणि पायडलच्या सायकलला ताशी १२ च्या वर वेग नको. अपंगांच्या खुर्चीचा अपवाद अर्थातच हवा.

फाटकाबद्दल माझी कळकळीची विनंती आहे. फिरतं लोखंडी फाटक बसलं तर सायकल अडेल, पण त्याबरोबर माशांची पाटी डोक्यावर घेतलेली बाई अडेल, बाळाची गाडी अडेल, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तर कायमचा घरी बसेल. मोटारसायकलवाले मात्र शेजारच्या वाडीतून वाट काढतील, आजही काढतातच. त्याऐवजी पुरेशी फट ठेवून खांब रोवावेत, खुर्ची जाईल इतकी. खांबांना चमकणारी पट्टी हवी, नाहीतर अंधारात मीच त्यावर आपटायची. आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने सकाळ-संध्याकाळ कुणीतरी माणूस उभा करावा. नुसत्या खांबांनी मोटारसायकल थांबत नाही.

फाटकाच्या पैशात आणखी दोन कामं होतील. उघाडीपासून पुढे तीनशे पावलं दिवेच नाहीत. नोव्हेंबरात साडेसहालाच काळोख पडतो, तिथे माणूस दिसतो तो अगदी जवळ गेल्यावर. मी सायकलला पुढे दिवा, मागे लाल दिवा लावते, पण चालणाऱ्याच्या अंगावर दिवा नसतो. दुसरं, पेव्हरवरचं शेवाळ. जुलैपासून ते इतकं चढतं की गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत तिघं चालता चालता घसरले. त्यात सायकलवाला एकही नव्हता. ताठ झाडूने घासून काढलं तर महिनाभर वाट बरी राहते. पावसाळ्यात दोनदा तरी ते व्हावं, त्यातलं एकदा गणपतीच्या आधी.

सायकल ही हौशी लोकांची चैन आहे, असा सूर त्या पत्रात आहे. २०११ च्या जनगणनेत, शेतीबाहेर काम करणारे कामाला कसे जातात याची नोंद आहे. देशभरात त्यातले साधारण १३ टक्के सायकलने जात होते आणि २२ टक्क्यांहून अधिक पायी. बांधावर माझ्या पुढे-मागे असतात त्यांत सुतार आहे, दोन सेल्समन मुली आहेत, हॉटेलातला भांडी घासणारा आहे. त्याची सायकल त्याच्या थोरल्या भावाची, सीट उंच, खाली करायला बोल्टच निघत नाही गंजामुळे. खाऱ्या हवेत आठवड्याला तेल दिलं नाही की चेन करकरते. फाटक बसलं तर ही माणसं दुसऱ्या दिवशी डंपरच्या शेजारी असतील.

पत्रलेखक ज्येष्ठांना माझी विनंती आहे, त्यांनी एखाद्या कामाच्या दिवशी बांधावर यावं. त्यांच्या मनात काय काय आहे ते मला समोरासमोर ऐकायचं आहे, आणि नगरपालिकेला द्यायचा अर्ज दोघांच्या सहीने गेला तर फार बरं होईल. मी सकाळी पावणेनऊला उघाडीपाशी सायकल हातात धरून चालत असते.

आपली विश्वासू,
बांधावरून जाणारी एक नोकरदार
(जि. रत्नागिरी)