चर खणण्याआधी मुळे पाहा

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर शहरांत दोन कामांची घाई असते: केबल-गटारांचे चर आणि फांद्यांची छाटणी. मग जून-जुलैत एखादा पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहर आडवा होतो आणि ‘झाड जुनंच होतं’ म्हणून विषय मिटतो. अशा झाडाचा उखडलेला बुडखा जवळ जाऊन पाहावा. पुष्कळदा एका बाजूची मुळे जेसीबीने सरळ रेषेत तोडलेली असतात, टोके काळी पडून कुजलेली असतात. आधार तुटला होता आधीच, वारा फक्त निमित्त झाला.

पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर अडीच मीटर असेल, तर व्यास 80 सेंटिमीटर भरतो. त्याच्या बारा पट, म्हणजे साडेनऊ मीटरपर्यंत मातीला हात न लागणे उत्तम. रस्त्याकडेला एवढी जागा कुठली मिळायला! पण व्यासाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे अडीच मीटरच्या आत यंत्र येताच कामा नये. तिथे हातानेच खणावे, 25 मिलिमीटरहून जाड मूळ तोडू नये, पाइप त्याच्या खालून सरकवावा. उघडी मुळे ओल्या गोणपाटाने झाकून चर लवकरात लवकर बुजवावा.

बुंध्याला भिडलेले काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक मुळांची हवा-पाणी तोडतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडेही निदान तेवढे करता येईल; मात्र सिमेंट छिन्नीने काढावे, ब्रेकरने साल आणि मुळे फुटतात.

छाटणीत वजनदार फांदी एका घावात तोडली की ती पडताना खोडाची साल सोलत नेते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून खाच, मग थोडे पुढे वरून काप, शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर कापावा. कडा राहिला तर जखम भरते, खुंट राहिला तर तो कुजतो. एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या की झाडाचा तोलही जातो.

राज्याच्या वृक्ष कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे वा त्याहून जुने झाड ‘हेरिटेज’ ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपे. पण 15 मीटर विस्ताराचे झाड जवळपास 177 चौरस मीटर सावली धरते. मीटरभर विस्ताराची साठ रोपे मिळून 47. तीही गावाबाहेरच्या टेकडीवर लावली, तर तापलेल्या रस्त्याला काय उपयोग? शिवाय खोडात साठलेला कार्बन जळणाबरोबर धूर होऊन जातो.

म्हणून आमची मागणी एवढीच: रस्ता खोदाईच्या परवान्यातच झाडापासूनचे अंतर लिहावे, चर बुजवण्याआधी उद्यान विभागाने मुळांची पाहणी करावी आणि तोवर ठेकेदाराची अनामत रोखून धरावी.

– वृक्षसंवर्धनाचे काम करणारे काही नागरिक, पुणे