अष्टे जास्तच पडायचे

गुहागर

प्रिय सुध्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ नाही, मनाला लागून राहिलंय. आम्ही बरे. आईचा गुडघा तसाच.

लिहितोय ते मुग्धापायी. बारावीच्या गणितात ‘यादृच्छिक चल’ आला आणि पोर अडली. चल म्हटलं की ती क्षची किंमत काढायला बसते, आणि ती काही निघत नाही. परवा मी वैतागून ‘पाठ कर नि पुढे जा’ म्हणालो. वही मिटून ती मागीलदारी जाऊन बसली. मला रात्रभर झोप नाही.

काल फडताळात आपला चिंचोक्यांचा डबा सापडला. झाकणाला दत्तूने पाडलेला पोचा अजून आहे. मुग्धाला पडवीत बसवलं, कोब्यावर खडूने अष्टाचम्म्याचा पट आखला, फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार डाळी हातात दिल्या. म्हटलं, टाक दान. काळं-पांढरं पडतं ते चिंचोक्यांचं. आकडा लावतो आपण: जितक्या पांढऱ्या वर तितकी घरं, चारही पांढऱ्या तर चम्मा, एकही नाही तर अष्टा, म्हणजे आठ. चिंचोक्याला आठ कुठे ठाऊक? आकडा लावायचा हा नियम, तोच तुझा चल.

मग तिनेच सोळा प्रकार मांडले. एकाचे ४, दोनाचे ६, तिनाचे ४, चम्म्याचा १, अष्ट्याचा १. प्रत्येकाखाली छेद १६. कुठल्या आकड्याची शक्यता किती, हेच वितरण, बेरीज बरोबर १. आकड्याला शक्यतेने गुणून बेरीज केली, तर आले अडीच. ‘बाबा, अडीचचं दान नाहीच की!’ अगदी नेमकं बोट ठेवलंन. एका दानाचं ते नव्हेच गो, हजार दानं टाक, दानामागे सरासरी अडीच घरांच्या आसपास येईल.

तिने रेघा मारत १६० दानं टाकली. अष्टे दहाच्या आसपास हवेत, पडले २१! काळी बाजू निम्म्या वेळा वर येते हे आपण नुसतं धरलेलं. दहांत सहा वेळा येते म्हण, की ०.६ चा चौथा घात ०.१२९६, आणि १६० दानांत जवळपास २१. हे गणित तिचं, मी तोंडही उघडलं नाही.

सुध्या, त्या मे महिन्यात ‘तुझे चिंचोके लबाड आहेत’ म्हणून तू पट उधळलास. मी तुला ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवलं, आठवडाभर बोललो नाही. चिंचोके खरंच तसेच होते रे. तुझं बरोबर होतं.

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद. दिवाळीत ये. मुग्धा हजार दानं टाकणार म्हणते, रेघा मारायला माणूस हवाय.

तुझा,
बाळ्या