अकरा खिडक्यांचं कोटेशन

रत्नागिरी, 9 ऑगस्ट

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू ह्यूस्टनहून पाठवलेलं कोटेशन मोबाइलवर नीट वाचता येईना, म्हणून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. आईने मावशीला फोनवर सांगितलं, "मनू घराला शटर बसवतेय." मावशी म्हणाली, "अगं बाई, दुकान काढलं की काय तिनं?" दोन दिवस आम्ही हसतोय. तुमची ती प्लांटेशन शटर्स म्हणजे रुंद तिरप्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा, हे आईला समजावताना शेवटी आपल्या ओटीच्या खिडकीकडेच बोट दाखवावं लागलं.

आता हिशेब. 3 बाय 5 फुटांच्या अकरा खिडक्या, म्हणजे 165 चौरस फूट. दर 32 डॉलर, म्हणजे 5,280. दारावरच्या त्या अर्धगोल खिडकीचे वेगळे 900. एकूण 6,180. दर मला वावगा वाटला नाही, बासवुड नावाच्या हलक्या लाकडाच्या, रंगवलेल्या, मापाने बनवलेल्या कामाला तुमच्याकडे तेवढं पडतंच. मला खटकलं ते वरचं वाक्य. किंमत 8,800, आज सही केलीत तर जवळजवळ 30 टक्के सूट. मनू, मी 32 वर्षं रंधा मारलाय. आजच्या आज सही मागणाऱ्याला उद्या तू दुसरीकडे विचारशील याची भीती असते, बाकी काही नाही. आणखी दोघांना बोलव. मापं घ्यायला पैसे घेत नाहीत.

मापांवरून आठवलं. मे-जूनमध्ये मी तुझ्या पश्चिमेच्या चारही खिडक्या टेपने मोजत होतो, तेव्हा निखिल म्हणाला, बाबा सुट्टीवर आलेत की साइटवर? पण ती मापं माझ्या डायरीत आहेत. हॉलमधली खिडकी वर 36 इंच, खाली पावणेछत्तीस. दोन्ही कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक. चौकट गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. त्यात बांधणाऱ्याची चूक असेलच असं नाही. ह्यूस्टनची माती चिकण, पावसात फुगते, उन्हात आकसते, तिच्याबरोबर घराखालचा, पायाचा स्लॅब थोडा हलतो आणि खिडक्या तिरक्या होतात. म्हणून झडप चौकटीच्या आत बसवायची असेल तर रुंदी तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यांत कमी माप धरायचं. जो माणूस एकदाच टेप लावून आकडा लिहील, त्याला काम देऊ नकोस.

स्वयंपाकघरातली खिडकी तर यादीतून खोडच. या झडपा दारासारख्या आत उघडतात. सिंकचा तुझा तो हंसाच्या मानेचा नळ बरोबर मधे येतो, झडप त्यावर आपटणार. काच पुसायची म्हटली की वैताग.

मग उन्हाचं. अक्षांश पाहिला तर तुझं गाव आपल्या हरिद्वारच्या रांगेत, 30 अंशांच्या जवळ. दक्षिणेकडचं उन्हाळ्यातलं ऊन डोक्यावर असतं, ते छपराच्या पाखीने अडतं. पश्चिमेचं खाली उतरून सरळ घरात शिरतं. संध्याकाळी पाच वाजता तुझ्या त्या सोफ्यावर मला बसवत नव्हतं, एसी चालू असून. आता विक्रेता सांगतो की शटर्समुळे विजेचं बिल निम्म्यावर येईल. तसं होत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचाच आकडा आहे, साध्या दुहेरी काचेवर पडलेल्या उन्हापैकी सुमारे 76 टक्के आत येऊन त्याची उष्णता होते. झडप काचेच्या आत, म्हणजे ऊन घरात आल्यावर तू दार लावणार. पांढऱ्या पट्ट्या त्यातलं थोडं परत काचेबाहेर फेकतील, सोफा फिका पडायचा थांबेल, अंगावर झळ येणार नाही, एवढं नक्की. पण उष्णता अडवायची जागा काचेच्या बाहेर. आपल्या ओटीची झिलमिल, म्हणजे ती तिरप्या पट्ट्यांची झडप, बाहेरून आहे ती काही शोभेसाठी नाही. तुमच्याकडे बाहेरून लावायच्या जाळ्या मिळतात, सोलर स्क्रीन म्हणतात त्या. त्यांचं कोटेशन आधी माग, आणि सोसायटीची, म्हणजे तुमच्या त्या एचओएची, परवानगी लागते का बघ.

घराची किंमत वाढेल, हेही त्याने लिहिलंय. खरं एवढंच की या झडपा चौकटीला ठोकलेल्या असतात, त्यामुळे घर विकताना त्या घराबरोबर जातात, पडद्यांसारख्या गुंडाळून नेता येत नाहीत. बघायला येणाऱ्याला घर नेटकं वाटेल. पण त्यासाठी तो सहा हजार जास्त मोजेल, हे मला पटत नाही. मी इतक्या बंगल्यांची कामं केली, माझ्या सागवानी दारांचे पैसे वेगळे लावून घर घेणारा एकही भेटला नाही. तुला रोज बघायला आवडणार असतील तर बसव. तो खर्च घरात राहण्याचा आहे, त्याला गुंतवणूक म्हणू नकोस.

नावाबद्दल निखिल विचारत होता. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या, उसाच्या मळ्यांवर मालकांच्या हवेल्या होत्या, त्यांच्या खिडक्यांवरून हे नाव पडलं. दुपारी त्या झडपा लावत कोण फिरत असेल, ते सांगायला नको. ज्यांच्या घामावर हवेली उभी, त्यांच्या झोपड्यांना काच तरी असेल का? नाव मात्र आजही प्रतिष्ठेचं म्हणून विकतात.

लाकडाविषयी माझी एक चूक सांगतो, आजवर घरात कुणाला सांगितली नाही. 1991 साली एका बंगल्याला चौदा झिलमिली करून दिल्या. गणपतीच्या आधी काम हवं म्हणून गिऱ्हाईक मागे लागलं होतं आणि मी न मुरलेलं लाकूड वापरलं. दिवाळीपर्यंत पट्ट्यांना पीळ पडला. बंद केल्या तरी मधून बोट जाईल एवढी फट. चौदाच्या चौदा स्वखर्चाने बदलल्या, तुझी त्या वर्षीची सायकल त्यातच गेली. तेव्हा मी "पुढच्या वर्षी घेऊ" म्हणालो होतो ना, ते यासाठी. सांगायचं हे की बाथरूमच्या खिडकीला लाकूड नको आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, तर मुळीच नको, वाफेने फुगतं. तिथे पीव्हीसीचं घे. बासवुड हॉलला ठीक, हलकं असतं, रंग छान धरतं. पट्टी साडेतीन किंवा साडेचार इंचांची घे, अडीचची घेतलीस तर बाहेरचं झाड तुकड्यातुकड्यांनी दिसेल. पट्ट्या फिरवायचा मधला उभा दांडा नको वाटला तर आतून फिरणारी रचना मिळते. मला विचारशील तर दांडा असू दे. आपल्या झिलमिलीचा मी पाच वर्षांचा असताना लोंबकळून मोडला होता, आजोबांनी जस्ताची पट्टी ठोकून जोडलेला आहे, अजून चालतो.

तर माझं म्हणणं असं. पश्चिमेच्या चार खिडक्यांना शटर्स. काम लहान म्हणून तो दर वाढवेल, 35 धर, म्हणजे 60 चौरस फुटांचे 2,100. उरलेल्या सातांना बिनदोरीचे साधे ब्लाइंड्स, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात 70 डॉलरच्या आसपास एक, ते 490. अर्धगोल खिडकी तशीच राहू दे, तिथून सकाळचा उजेड जिन्यावर पडतो तो मला फार आवडला होता. 2,590 मध्ये काम होतं. उरलेल्यातून जाळ्या.

आणि हे कोटेशन वगैरे राहू दे, ओवीच्या खोलीतला जुना ब्लाइंड आजच काढ. आधीच्या मालकाने ठेवलेला तो. त्याची दोरी पाळण्यापासून हातभर अंतरावर लोंबतेय. तुमच्याकडे पडदे बनवणाऱ्या उद्योगाच्या मानकानेही जून 2024 पासून मापाने बनवलेल्या पडद्यांच्या अशा दोऱ्यांवर बंधन आणलंय, तान्ह्या पोरांच्या गळ्याला फास बसतो म्हणून. मी असताना ती वर गुंडाळून ठेवत होतो, आता कोण ठेवतं माहीत नाही. काढलास की फोटो पाठव.

शटर्स आली की पट्ट्यांची बाहेरची कड खाली ठेव, ऊन अडेल आणि अंगणातून परतलेला उजेड छताकडे जाईल. चार वाजता तू घरी नसतेस, तेव्हा सकाळी निघतानाच लावून जा. आजी अकराच्या ठोक्याला सगळ्या झडपा लावत फिरायची, तेवढ्यावर आमचं घर थंड असायचं.

आईने मेतकूट आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, निखिलच्या मित्राबरोबर पाठवते. इकडे आता मोठी सर आलीय, आई झिलमिल ओढायला उठली. ओटीवर अंधार झाला, अक्षर दिसत नाही. थांबतो.

तुझा,
बाबा