अ‍ॅस्पेक्ट कुठे लागतोय, ते आधी बघ

धरमपेठ, नागपूर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, लॉगिंगचा (प्रोग्रॅम काय करतोय याची नोंद ठेवणारा) अ‍ॅस्पेक्ट, म्हणजे क्लासबाहेर एकदाच लिहून अनेक मेथड्सना लावायचा कोड, काही मेथड्सना लागतो आणि काहींना नाही, म्हणून कोडभर प्रिंट टाकत बसली आहेस. ते प्रिंट आधी काढून टाक बाई.

क्लासची फाइल कितीही वाचलीस तरी अ‍ॅस्पेक्ट तिच्यात दिसायचा नाही. म्हणून इथे आयडीई, म्हणजे कोड लिहायचा-तपासायचा प्रोग्रॅम, लागतो. अ‍ॅस्पेक्टजे, म्हणजे जावाला अ‍ॅस्पेक्टची जोड, झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ग्रेगर किचालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं, २००२ च्या अखेरीस ते इक्लिप्स या आयडीईच्या प्रकल्पाकडे आलं. मी शिकले ती इक्लिप्समधल्या एजेडीटी या अ‍ॅस्पेक्टजेच्या प्लगइनवर. अ‍ॅडव्हाइस, म्हणजे अ‍ॅस्पेक्टमधला प्रत्यक्ष चालणारा कोड, लागलं की मेथडच्या डाव्या कडेला खूण येते आणि क्रॉस रेफरन्सेस उघडलं की कोणतं अ‍ॅडव्हाइस कुठे लागलंय ते समोर येतं. पॅकेजच्या नावात एक अक्षर चुकलं तरी पॉइंटकट, म्हणजे अ‍ॅडव्हाइस कुठे लागायचं ते सांगणारा नियम, कंपाइल होतो, फक्त जुळत कुठेच नाही. तेव्हा अ‍ॅडव्हाइसच्या ओळीवर वॉर्निंग येते. ती बंद करून ठेवू नकोस. ‘एक्झिक्युशन’ लिहिलंस तर खूण मेथडवर दिसेल, ‘कॉल’ लिहिलंस तर ती मेथड जिथून बोलावली त्या ओळीवर.

तुझं दुखणं मात्र वेगळं असावं. तुमच्याकडे स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क आहे, आणि स्प्रिंग एओपी, म्हणजे त्यातली अ‍ॅस्पेक्टची सोय, प्रॉक्सीवर, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टपुढे उभ्या मध्यस्थावर चालतं. बाहेरून आलेला कॉल प्रॉक्सीतून जातो. पण एकाच बीनमधल्या (स्प्रिंग सांभाळतं त्या ऑब्जेक्टमधल्या) एका मेथडने दुसरीला थेट बोलावलं, की प्रॉक्सी मध्ये येतच नाही आणि अ‍ॅडव्हाइस चालत नाही. आयडीईने मेथडशेजारी खूण दाखवली तरी ती पॉइंटकट जुळल्याची असते, कॉल कुठून आला ते तिला ठाऊक नसतं. अ‍ॅडव्हाइसमध्ये ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) लावून दोन्ही वाटांनी मेथड चालवून बघ. प्रोग्रॅम एका वाटेने थांबला आणि दुसरीने नाही, तर हेच कारण. मग ती मेथड वेगळ्या बीनमध्ये हलव. मला हाच उपाय सगळ्यात स्वच्छ वाटतो.

लोड-टाइम विव्हिंगकडे, म्हणजे क्लास लोड होतानाच त्यात अ‍ॅस्पेक्ट विणण्याकडे वळलीस, तर रन कॉन्फिगरेशनमध्ये विव्हरचा जावा-एजंट द्यायला विसरू नकोस. सर्व्हरवरही तोच द्यावा लागतो.

शनिवारी मला सुट्टी आहे. स्क्रीन शेअर कर, पॉइंटकट सोबत बघू. आणि वेळेवर जेवत जा गं.

तुझी आई